तांब्याचा उशीर

मुफुलिराच्या शाळेत त्या दिवशीही वीज नव्हती.
धरणात पाणी नाही म्हणून तारेत काही नाही,
असं पुटपुटत कबासो बाईंनी खिडकी उघडली
आणि भट्टीचा धूर आत आला,
गंधकाचा, घसा खरवडणारा.
आम्ही त्याला सेंटा म्हणतो.
खोकलो, वह्या उघडल्या.

बाईंच्या हातात हातभर नळी होती,
भंगारातून आणलेली, चिंचोळी, आतून घासून लख्ख.
"तांबं. तुमच्याच बापांनी उपसलेलं.
याला लोहचुंबक चिकटतो का?"
चिसालानं लावून पाहिला. घसरला, बाकाखाली गेला.
"नाही, बाई."
"मग आता नीट बघा."

आधी नळीतून खिळा सोडला.
टण्‌.
मध्ये काही घडलंच नाही.
मग चुंबक, बोटाच्या पेराएवढा.
आणि तो येईचना.

मी खालच्या तोंडाशी डोळा लावला.
वरून येणारा उजेड त्यानं अडवला होता,
कडेनं बारीक चंद्रकोर तेवढी दिसत होती,
आणि तो उतरत होता सावकाश,
जसा खाणीचा पिंजरा पहिल्या दिवशीच्या पोरांना घेऊन उतरतो
असं बाबा सांगायचे.

"जादू!" मुबांगा ओरडला.
बाईंना त्या शब्दाचा राग येतो.
त्यांनी फळ्यावर नळी काढली, नळीच्या अंगावर वळसे काढले,
काफुए नदीत खडकामागं पाणी फिरतं तसे,
स्वतःभोवतीच फिरणारे, कुठं न पोचणारे.
"तारा नाहीत, बॅटरी नाही, तरी प्रवाह.
चुंबक जवळ येतो, तर तांबं म्हणतं, येऊ नकोस.
तोच दूर जायला लागला, की म्हणतं, जाऊ नकोस."
मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं,
"आमच्या आत्यासारखं."
बाईसुद्धा हसल्या.

माझं मात्र तिथंच अडलं.
"एवढा हट्ट आहे, तर धरूनच का ठेवत नाही?
अधांतरी. मधोमध."
बाईंनी खडू खाली ठेवला.
"थांबला, की बदल संपला.
बदल संपला, की प्रवाह विझला.
मग धरायला कोण उरलं?
थांबवणं तांब्याला जमत नाही, मुली.
उशीर करणं जमतं."

दुसरी नळी उभी चिरलेली होती, वरपासून खालपर्यंत.
तिच्यातून चुंबक पुष्कळ लवकर पडला.
वळसा पुरा व्हायला वाटच नव्हती.
मी आकृती काढली, चीर जरा वाकडी आली.

"मग त्याचा वेग गेला कुठं?"
"त्याची ऊब झाली."
मी पहिली नळी मुठीत धरली. "हो बाई, कोमट लागतेय!"
"ती तुझ्या हाताची.
नळीची इतकी थोडी, की आपल्याला कळायची नाही.
पण वहीत लिही: आहे."
लिहिलं.

त्याच शनिवारी कपेशीदादा निघाला,
सोल्वेझीला, नव्या खाणीत, सकाळच्या बसनं.
आईनं पहाटे उठून त्याचा सदरा धुतला.
धुतलेलाच होता.
मग शेंगदाणे भाजायला बसली, वाटेसाठी,
पहिले करपले म्हणून पुन्हा भाजले.
मग शेजारच्यांचा निरोप घ्यायचा राहिला.
मग एक बूट सापडेना.

एकदाही 'नको जाऊ' म्हणाली नाही.

सकाळची बस गेली, दहाची गेली.
दादा पायरीवर बसला, एका पायात बूट,
घड्याळाकडे बघत, काही न बोलता.
तीनच्या बसच्या जरा आधी
कोळशाच्या शेगडीमागं मला तो बूट दिसला.
तिथं कसा गेला, कुणी विचारलं नाही.

मी उचलून त्याला दिला.
आतून ऊन होता.